सिगरेट सुटते कशी : प्रस्तावना

सिगरेट वाईट असते हे पटवण्यासाठी आता कोणी पुस्तक लिहू नये. १ एप्रिल २०१६ पासून आपल्याकडच्या प्रत्येक पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने आणि चित्राने व्यापलेला असतो. सडलेल्या जबड्याचे ते चित्र खिशात घेऊन हिंडणाऱ्या माणसाला धोक्याची कल्पना नाही असे समजणे हा त्याचा अपमान आहे. २०१६-१७ च्या प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणात देशातल्या निम्म्याहून अधिक ओढणाऱ्यांनी सोडण्याचा विचार किंवा बेत असल्याचे सांगितले होते. म्हणजे मन वळवण्याचे काम बरेचसे झालेले आहे. अडते ते पुढे. ‘सोडायची कशी?’ असे विचारले की डॉक्टर, घरचे आणि आरोग्यावरची बहुतेक मराठी पुस्तके एकाच वाक्यावर येऊन थांबतात : मनावर घ्या, सुटेल. हे पुस्तक त्या वाक्याच्या पुढे जाते, आणि म्हणूनच त्याला प्रस्तावना लिहायला मी होकार दिला.

मनावर घेणे लागतेच, त्याबद्दल वाद नाही. पण मनावर घेतलेल्या माणसाच्या हाती पुढे काय द्यायचे, याची माहिती गेल्या पन्नास-साठ वर्षांत भरपूर जमली आहे आणि ती आपल्या घरांपर्यंत पोहोचलेली नाही, हे माझे मुख्य म्हणणे आहे.

आधी एक आकडा सांगून टाकतो, कारण ‘आता या वयात सोडून काय उपयोग’ हे वाक्य मी पन्नाशी-साठीच्या माणसांकडून फार ऐकले आहे. १९५० साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतल्या फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काम सुरू केले तेव्हा डॉल यांचा संशय रस्त्यावरच्या डांबरावर होता. माहिती जमू लागली तसा आरोपी बदलला, आणि अभ्यास पुरा होण्याआधीच डॉल यांनी स्वतःची सिगरेट बंद केली. पुढे १९५१ पासून या दोघांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्याच सवयींची आणि मृत्यूंची नोंद ठेवायला सुरुवात केली. तिचा पन्नास वर्षांचा हिशेब २००४ साली आला. सिगरेट चालू ठेवणारे सरासरी १० वर्षे आधी गेले. साठीला सोडणाऱ्यांनी त्यातली ३ वर्षे परत मिळवली, पन्नाशीला सोडणाऱ्यांनी ६, चाळिशीला सोडणाऱ्यांनी ९, आणि तिशीत सोडणाऱ्यांनी जवळजवळ सगळी. साठीच्या माणसाला तीन वर्षे म्हणजे एखाद्या नातवाचे बोबडे बोलणे किंवा नातीचे लग्न. उपयोग नाही असे कोण म्हणेल?

आता तलफेकडे वळू. झुरका घेतल्यापासून दहा ते वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोहोचते. दंडात सुई टोचून दिलेले औषधही इतक्या लवकर तिथे जात नाही. साधारण दोन तासांत रक्तातले त्याचे प्रमाण निम्मे होते, म्हणून ठरावीक वेळाने हात पुन्हा खिशाकडे जातो. रात्रीच्या झोपेत ते बहुतेक उतरते, आणि म्हणूनच सकाळची पहिली सिगरेट सगळ्यात गोड लागते. जाणकार डॉक्टर ‘दिवसाला किती?’ याच्याइतकेच ‘उठल्यावर किती वेळाने?’ हेही विचारतात. अर्ध्या तासाच्या आत पेटवावी लागत असेल तर निकोटिनची पकड घट्ट आहे आणि नुसत्या निर्धारावर विसंबू नये, असा त्याचा अर्थ. सोडल्यावरचे हाल पहिल्या दोन-तीन दिवसांत कळसाला पोहोचतात आणि दोन ते चार आठवड्यांत बरेचसे ओसरतात. चिडचिड, झोपमोड, लक्ष न लागणे, सारखी भूक, या सगळ्यांना मुदत आहे. ही मुदत माहीत असणे हाच निम्मा धीर असतो.

आपल्याकडची सर्वांत जुनी पद्धत म्हणजे शपथ. कोणी चातुर्मासापुरती सोडतो, कोणी आईच्या गळ्याची आण घेतो, कोणी मुलीच्या डोक्यावर हात ठेवतो, कोणी पंढरपूरला जाऊन तुळशीची माळ घालतो आणि दारू-मटणाबरोबर विडीही टाकतो. शहरी शहाणपणाला हे सगळे भाबडे वाटते. मला तसे वाटत नाही. माळेत एक पक्की युक्ती दडलेली आहे : ती गळ्यात दिसते. घरच्यांना, दिंडीतल्या लोकांना, गावातल्या टपरीवाल्यालाही ती दिसते. माळकऱ्याला कोणी विडी पुढे करत नाही. व्यसन सोडवणारे तज्ज्ञ ‘आपला निश्चय चारचौघांत जाहीर करा, संगत बदला’ असे सांगतात, ते वारकरी संप्रदाय शतकानुशतके करत आला आहे.

रमजानचा अनुभव तर आणखी शिकवणारा आहे. एरवी दिवसाला पाकीट संपवणारा माणूस पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत एक झुरकाही घेत नाही आणि दिवसभर कामही करतो. संध्याकाळी रोजा सुटल्यावर मात्र खजूर आणि पाणी घेऊन झाले की तलफ उसळून येते. तलफ रक्तातल्या निकोटिनवर तर चालतेच, पण ‘आता मिळणार आहे’ या अपेक्षेवर अधिक चालते. तेल अवीवच्या संशोधकांनी हीच गोष्ट विमानातल्या सिगरेट ओढणाऱ्या कर्मचाऱ्यांवर तपासली. लांबच्या उड्डाणात आणि जवळच्या उड्डाणात, सिगरेट नसण्याचा काळ सारखाच असताना, विमान उतरायला आलेल्यांची तलफ कितीतरी तीव्र होती. म्हणून घरात ‘अडीअडचणीला असू दे’ म्हणून ठेवलेले अर्धे पाकीट फार घातक. जिथे मिळणारच नाही तिथे मन मुकाट्याने गप्प बसते.

शपथेचा दोष वेगळाच आहे. तिच्यात चुकीची सोय नाही. एकादशीला चुकून शेंगदाण्यांऐवजी फुटाणे तोंडात गेले तर माणूस पुढची एकादशी सोडत नाही. सिगरेटच्या शपथेत मात्र एक झुरका गेला की ‘मोडलीच आता’ म्हणून संध्याकाळपर्यंत पाकीट रिकामे होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लट यांनी व्यसनाकडे परतण्याचा जो अभ्यास केला, त्याचा गाभा हाच होता : पहिल्या घसरणीपेक्षा तिच्यामागून येणारी शरम आणि ‘मला जमणारच नाही’ हा समज माणसाला अधिक खाली नेतो. वर घरचे असतातच. ‘अहो, पुन्हा ओढलीत ना?’ हा प्रश्न ज्या सुरात विचारला जातो, त्या सुराने आजवर किती जणांना पुन्हा टपरीवर पाठवले असेल, देव जाणे.

कोणतीही मदत न घेता केलेल्या एका प्रयत्नात सहा महिने ते वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाच असतात. आकडा ऐकून खचू नये. जगातले बहुतेक माजी धूम्रपानी असेच, औषधाविना सुटलेले आहेत. कारण ते एकदा हरून थांबले नाहीत, पुन्हापुन्हा सोडत राहिले. फक्त असे की ज्या जिन्याला कठडा आहे तो कठडा न धरता चढण्यात काही विशेष पुण्य नाही.

पहिला कठडा निकोटिनचाच. याची जन्मकथा मोठी गमतीची आहे. १९६७ साली स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या क्लेस लुंडग्रेन यांनी औषध कंपनीत काम करणाऱ्या ओव्हे फेर्नो या आपल्या मित्राला कळवले की पाणबुडीत सिगरेट पेटवता येत नाही तेव्हा खलाशी तंबाखू चघळून वेळ भागवतात. फेर्नो स्वतः सिगरेट ओढणारे. तंबाखूशिवाय नुसते निकोटिन तोंडातून देता येईल का, या विचारातून च्युइंगम तयार झाले आणि १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. वाटेत एक अडचण आली : तोंड आंबट असेल तर निकोटिन गालातून शोषले जात नाही. म्हणून गममध्ये अल्कली घालावी लागली. तळहातावर तंबाखूला चुना चोळणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे रसायनशास्त्र केव्हापासून ठाऊक आहे, फक्त त्याने त्याचे पेटंट घेतले नाही.

हा गम आपल्याकडे औषधाच्या दुकानात सहज मिळतो, पण तो वापरायचा कसा हे दुकानदार सांगत नाही, आणि निम्मे लोक ‘उपयोग नाही, नुसती उचकी लागते’ म्हणून फेकून देतात. तो एरवीच्या च्युइंगमसारखा चघळत राहायचा नसतो. दोन-चारदा चावायचा, जिभेला झिणझिणी आली की गाल आणि हिरडीच्या मध्ये धरून ठेवायचा, झिणझिणी गेली की पुन्हा चावायचा. अर्धा तास हे चालते. आधी पंधरा मिनिटे आणि गम तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, लिंबू सरबत नको, कारण पुन्हा तोच आंबटपणा. दंडावर लावायची निकोटिनची पट्टी दिवसभर संथपणे काम करते. पट्टी आणि अचानक आलेल्या तलफेला गम, अशी जोडी एकट्या कशापेक्षाही चांगली चालते. निकोटिनच्या अशा औषधांनी यशाची शक्यता सुमारे दीडपट होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ पासून त्यांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत बसवले आहे.

‘पण हेही निकोटिनच ना?’ ही शंका प्रत्येक घरात निघते. वर्षानुवर्षे धूर बिनधास्त गिळलेला माणूस दोन महिन्यांच्या गमला घाबरतो, हे पाहून हसावे की रडावे कळत नाही. निकोटिन सवय लावते. जीव घेतो तो जळणाऱ्या पानाचा धूर : त्यातले डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि कर्करोग घडवणारी कितीतरी रसायने. हृदयविकार असेल किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. बाकीच्यांनी भीती धुराची बाळगावी.

गोळ्यांमध्ये दोन नावे महत्त्वाची. बुप्रोपियॉन हे मुळात नैराश्यावरचे औषध. १९९७ पासून ते सिगरेट सोडण्यासाठीही दिले जाते. दुसरी व्हॅरेनिक्लिन, २००६ सालची. तिची पूर्वज बल्गेरियातली. युरोपात लॅबर्नम नावाचे पिवळ्या घोसांचे झाड असते, त्यात सायटिसिन नावाचे द्रव्य सापडते. मेंदूत निकोटिन जिथे बसते तिथेच ते जाऊन बसते आणि निम्मेच काम करते; तलफ भागते आणि वर सिगरेट ओढली तरी तिची मजा येत नाही. बल्गेरियाने १९६४ मध्ये त्याची गोळी बाजारात आणली. पूर्व युरोपातली माणसे ती खाऊन सिगरेट सोडत राहिली आणि पश्चिमेकडच्या डॉक्टरांनी कित्येक दशके तिकडे ढुंकूनही पाहिले नाही. व्हॅरेनिक्लिन त्याच रेणूवरून बेतलेली आहे आणि यशाची शक्यता दुपटीहून अधिक करते. (आपल्या बहाव्याला इंग्रजीत ‘इंडियन लॅबर्नम’ म्हणतात म्हणून कोणी त्याच्या शेंगा चघळू नयेत. त्या झाडाचा याच्याशी संबंध नाही. जुलाब मात्र होतील.) या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायच्या.

हळूहळू कमी करावी की एकदम तोडावी, हा कट्ट्यावरचा आवडता वाद. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१६ साली सुमारे सातशे माणसांवर तो तपासला. एकदम तोडणाऱ्यांपैकी चार आठवड्यांनी ४९ टक्के टिकून होते, हळूहळू कमी करणाऱ्यांपैकी ३९ टक्के. दोन्ही गटांना औषध आणि समुपदेशन होते, हे विसरू नये. संमोहन आणि अॅक्युपंक्चर यांच्या बाजूने भक्कम पुरावा नाही. अॅलन कार हा इंग्रज हिशेबनीस दिवसाला शंभर सिगरेटी ओढायचा. १९८३ मध्ये त्याने सोडल्या आणि ‘सिगरेट तुम्हाला काहीच देत नाही, मग सोडताना त्याग कसला?’ या एका मुद्द्यावर पुस्तक लिहून लाखो वाचक मिळवले. मुद्दा खरा आहे आणि काहींना तेवढाच पुरतो. कार स्वतः २००६ साली फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेला. ई-सिगरेटच्या मदतीने ब्रिटनमध्ये पुष्कळ लोकांनी सिगरेट सोडली, हे मान्य करायला हवे. आपल्याकडे २०१९ पासून तिच्यावर कायद्याने बंदी आहे, आणि चोरून मिळणाऱ्या, आत काय आहे हे ठाऊक नसलेल्या नळीवर कोणी उपचार उभारू नये.

ज्या अडचणी परदेशी पुस्तकांत फारशा नसतात त्या या पुस्तकात आहेत, याचा मला विशेष आनंद वाटतो. पहिली पोटाची. ‘एक ओढल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही’ हे आपल्याकडे हजारो माणसे सांगतात, आणि ते थोतांड नाही. निकोटिन आतड्यांना चालना देते. ते थांबले की बद्धकोष्ठ होते. चौथ्या-पाचव्या दिवशी कुंथून कंटाळलेला माणूस ‘तेवढी सकाळची एक’ म्हणून पेटवतो आणि आठवड्याने पुन्हा पाकिटावर येतो. रात्री इसबगोल, सकाळी कोमट पाणी आणि अर्धा तास चालणे एवढ्यावर ही अडचण निभावते, पण ती येणार आहे हे आधी कोणी सांगितलेले असायला हवे.

दुसरी चहाची. आपल्याकडे कटिंग आणि सिगरेट यांची जोडी लागलेली असते; एकाची चव आली की दुसरीची आठवण होते. शिवाय धुरातल्या द्रव्यांमुळे ओढणाऱ्याचे यकृत कॅफिन झपाट्याने निकालात काढते. सिगरेट थांबली की तेवढ्याच चहाचे कॅफिन रक्तात जास्त वेळ राहते. छातीत धडधड, झोप उडणे, आणि दोष सिगरेट सोडल्याला. पहिले दोन आठवडे चहा निम्मा करावा आणि तो टपरीवर घेऊ नये. तिसरी अडचण वजनाची : पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वाढते. वाढू द्यावे. ते नंतर उतरवता येते. तोंड चाळवायला बडीशेप, लवंग, वेलदोडा, ओवा यांपैकी काहीही चालेल. सुपारी नको, ती स्वतःच कर्करोगकारक आहे.

इथे महाराष्ट्रातल्या खऱ्या सापळ्यावर यायला हवे. २०१६-१७ च्या त्याच तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले आणि धूर नसलेली तंबाखू खाणारे किंवा लावणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्या राज्यात सिगरेट सोडणाऱ्याच्या चहूबाजूंना चुना-तंबाखू, मावा, खर्रा, मिश्री यांची पुडी उघडून बसलेली माणसे आहेत. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आली. कचेरीत, कारखान्यात, एसटीत धूर काढता येईना, आणि तंबाखूची गोळी दाढेखाली धरायला मात्र कोणाची हरकत नव्हती. ‘सिगरेट सोडली’ असे अभिमानाने सांगणाऱ्या माणसाच्या गालाकडे एकदा पाहावे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि तो कुठे मिळतो हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. शरद पवारांवर २००४ साली तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. तरुणपणी कोणी वेळीच सावध करायला हवे होते, ही खंत त्यांनी पुढे जाहीरपणे बोलून दाखवली. फुफ्फुसाचे संकट गालावर ढकलणे याला सोडणे म्हणत नाहीत. गम किंवा पट्टी वापरणे आणि तंबाखू धरणे यांत फरक काय, याचे उत्तर पुस्तकातल्या तंबाखूवरच्या प्रकरणात नीट दिले आहे.

विडीवाल्याचे दुखणे निराळे. विडी पानाची म्हणून ‘नैसर्गिक’, सिगरेटपेक्षा सौम्य, असा समज खेड्यापाड्यांत पक्का आहे. प्रत्यक्षात तेंदूचे पान धड पेटत राहत नाही, विझू नये म्हणून झुरके भराभर आणि खोल घ्यावे लागतात, आणि एवढ्याशा तंबाखूतून भरपूर विष आत जाते. गमची किंमत शहरी नोकरदाराला परवडते. विडी ओढणाऱ्या शेतमजुराला ती विडीच्या बंडलापेक्षा कितीतरी महाग पडते. सरकारी दवाखान्यातून ही औषधे अखंड आणि मोफत मिळाल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही, हे स्पष्ट लिहायला हवे.

शेवटी डॉक्टरांसाठी दोन शब्द, कारण या पुस्तकाची एक प्रत त्यांच्या टेबलावर असावी अशी माझी इच्छा आहे. १९७९ साली लंडनमध्ये मायकेल रसेल यांनी साध्या फॅमिली डॉक्टरांकडे येणाऱ्या दोन हजारांहून अधिक धूम्रपानी रुग्णांवर एक प्रयोग केला. एका गटाला डॉक्टरांनी काही सांगितले नाही. दुसऱ्या गटाला एक-दोन मिनिटांत ‘सिगरेट सोडा’ असे सांगितले, एक पत्रक दिले आणि पुढे चौकशी करू असे बजावले. वर्षाने पहिल्या गटात ०.३ टक्के सुटलेले होते, दुसऱ्यात ५.१ टक्के. खर्च दोन मिनिटांचा. आपल्याकडे सर्दी-खोकल्याला आलेल्या माणसाच्या खिशातले पाकीट डॉक्टरांना दिसते आणि ते खोकल्याचे औषध लिहून देतात. तेवढी दोन मिनिटे काढा, डॉक्टर.

वाचकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. दिल्लीबरोबरच मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातूनही ही सेवा चालते, त्यामुळे मराठीत बोलता येते. सप्टेंबर २०१८ पासून तो प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो. सुटी सिगरेट घेणाऱ्याच्या हातात मात्र पाकीट येतच नाही. राज्याने २०२० मध्ये सुट्या विक्रीवर बंदी घातली, तरी टपरीवर ती चालूच आहे. म्हणून क्रमांक इथे दिला. पुढच्या दोन आठवड्यांतली एक तारीख ठरवा, ती घरी सांगा, आणि त्या तारखेच्या आधी हा फोन करा. त्याला पैसे पडत नाहीत.